पोस्टरवरचा आकडा

(मंचाच्या दोहा येथील बैठकीत केलेल्या भाषणाचे लेखी रूप. बैठकीला येऊ न शकलेल्या सभासदांच्या आग्रहावरून येथे देत आहोत.)



आजच्या बैठकीच्या निमंत्रणात माझ्या भाषणाचा विषय 'मदतकार्यासाठी समाजमाध्यमांवरील मोहिमेची आखणी' असा भारदस्त छापला आहे. प्रत्यक्षात आपल्यापुढे एकच छोटा आणि अवघड प्रश्न आहे. गेल्या महिन्यात आपल्यापैकी बहुतेकांच्या फोनवर एक पोस्टर येऊन गेले. मराठवाड्यातील आठ महिन्यांची मुलगी, नाकात नळी, खाली ठळक अक्षरांत '१६ कोटी', आणि त्याखाली खाते क्रमांक व क्यूआर कोड. मुलीला स्पायनल मस्क्युलर ॲट्रॉफी, म्हणजे एसएमए, हा आजार आहे. ही मोहीम आपण कतारमध्ये हाती घ्यावी अशी सूचना कार्यकारिणीत आली आणि मी जीवशास्त्रात संशोधन करते म्हणून मला बोलायला सांगितले गेले. नावामागे 'डॉ.' असल्यामुळे लोक मला अधूनमधून एक्स-रे पाठवतात, तेव्हा सुरुवातीलाच सांगते: मी पीएच.डी.वाली डॉक्टर आहे, औषध लिहून देणारी नव्हे. मी जे सांगणार आहे ते आकडेमोडीचे आणि आखणीचे आहे. त्या मुलीला कोणते औषध द्यावे हे तिचे डॉक्टरच ठरवतील.

सूचना मांडताना एक वाक्य वारंवार ऐकू आले: 'केरळी लोकांना जमते, मग आपल्याला का नाही?' प्रश्न रास्त आहे, म्हणून तेथूनच सुरुवात करू.

२०२४ मध्ये इथे दोह्यात एका केरळी कुटुंबातील बाळासाठी झालेली मोहीम तुम्ही सर्वांनी पाहिली आहे. आजार हाच, लक्ष्य सुमारे १ कोटी १६ लाख रियाल. रक्कम उभी राहिली आणि बाळाला सिद्रा मेडिसिनमध्ये औषध मिळाले. आपल्या लक्षात राहिले ते इन्स्टाग्रामवरचे व्हिडिओ आणि पुढे पुढे सरकणारे आकडे. पण ती मोहीम चालवत कोण होते? 'कतार चॅरिटी' ही परवानाधारक संस्था. पैसे तिच्याच मार्गाने जात होते, लक्ष्य तिनेच जाहीर केले होते. केरळी समाजाने काय केले, तर त्या एका दुव्याकडे माणसे आणली. आणि ती आणण्यासाठी त्यांच्याकडे आधीपासून जाळे होते. जिल्हावार संघटना, माजी विद्यार्थ्यांचे गट, फुटबॉलचे संघ, किराणा दुकाने, कॅफेटेरिया. पाच रियाल देणारा माणूसही त्या जाळ्यात कुठेतरी होता. समाजमाध्यम हे त्या जाळ्याचे शेवटचे टोक होते. आपले जाळे म्हणजे गणेशोत्सव, दिवाळी पहाट आणि तीन व्हॉट्सॲप गट, त्यांपैकी एक भाजीच्या ऑर्डरसाठी. हे हिणवण्यासाठी म्हणत नाही. पण तुलना करायची तर पूर्ण करावी.

केरळचेच दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. जुलै २०२१ मध्ये कन्नूर जिल्ह्यातील एका दीड वर्षाच्या मुलासाठी १८ कोटींचे आवाहन झाले आणि आठवडाभरात ४६ कोटी ७८ लाख रुपये जमले. शेवटी 'आता पैसे पाठवू नका' असे सांगण्याची वेळ आली. गरजेच्या अडीचपट रक्कम आली की वरच्या पैशाचे काय करायचे, हा प्रश्न त्या लोकांपुढे अचानक उभा राहिला. ते प्रामाणिक होते, स्थानिक समिती होती, वरची रक्कम याच आजाराच्या इतर रुग्णांसाठी वापरायचे ठरले. पण मोहिमेच्या पहिल्या कागदावर 'जास्त जमले तर' ही ओळ असायला हवी, हे मी त्या घटनेतून शिकले.

त्या मोहिमेतील आणखी एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. आवाहन केले होते त्या मुलाच्या मोठ्या बहिणीने. तिलाही हाच आजार होता, ती चाकांच्या खुर्चीत होती. आपण जे सोसले ते धाकट्या भावाच्या वाट्याला येऊ नये, एवढेच तिचे म्हणणे होते. ती स्वतःबद्दल स्वतःच्या तोंडाने बोलत होती. २०२२ मध्ये ती गेली. आपल्या फोनवर आलेल्या पोस्टरमधील आठ महिन्यांची मुलगी मात्र काही बोलू शकत नाही. तिच्या नाकातल्या नळीचा फोटो वापरायला परवानगी कोणी दिली? आईवडिलांनी दिली असेल; सोळा कोटी मागणारा माणूस कशालाही परवानगी देतो. म्हणून ती मागण्याआधी आपण थांबले पाहिजे. ती जगावी म्हणून आपण धडपडतो आहोत ना? मग ती जगेल, शाळेत जाईल, आणि तिच्या वर्गातली मुले तिचे नाव शोधून हा फोटो काढतील, असे गृहीत धरूनच पोस्टर बनवायला हवे. माझे मत स्पष्ट आहे: मंचाच्या कोणत्याही साहित्यात मुलाचा चेहरा, पूर्ण नाव, गाव नको. रुग्णालयाचे पत्र पुरे. त्यामुळे पैसे कमी जमतील हेही मला मान्य आहे.

आता कायद्याचे. हा भाग रुक्ष आहे, पण इथे राहणाऱ्यांना टाळता येणार नाही. कतारमध्ये धर्मादाय कार्याचे नियमन करणारा कायदा २०१४ मध्ये झाला, त्याच वर्षी त्यासाठी स्वतंत्र नियामक प्राधिकरण स्थापन झाले, आणि २०२० मध्ये नवा कायदा आला. गाभा साधा आहे. परवानाधारक संस्था आणि प्राधिकरणाची मंजुरी यांच्याशिवाय कोणालाही लोकांकडून देणग्या गोळा करता येत नाहीत, आणि समाजमाध्यमांवरून केलेले आवाहन हेही गोळा करणेच. शिक्षेत तुरुंगवास आहे. 'आपल्याच गटात तर टाकतोय', 'पैसे तर थेट भारतात जाणार', 'सगळेच टाकतात' ही तिन्ही उत्तरे मी गेल्या महिन्यात ऐकली. यातील एकही अधिकाऱ्यापुढे टिकेल असे मला वाटत नाही.

आपल्यातील काही मित्रांना हा अभिव्यक्तीवरचा निर्बंध वाटतो. त्यावर स्वतंत्र चर्चा जरूर करू. पण सध्या एवढेच लक्षात घ्या की आपण टाकलेले पोस्टर आपल्यापाशी थांबत नाही. ते आपल्या इमारतीचा रखवालदार पुढे पाठवतो, कंपनीचा ड्रायव्हर पाठवतो, कुणाच्या घरी काम करणारी ताई पाठवते. चौकशी आलीच तर कंपनीच्या विधी विभागाला फोन करण्याची सोय तुम्हाआम्हाला आहे, त्यांना नाही. पुरोगामी म्हणवणाऱ्या मंचाने आपल्या पुण्याची जोखीम दुसऱ्याच्या व्हिसावर टाकू नये.

दुसऱ्या बाजूला भारताचा कायदा आहे. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी व्यक्तीने स्वतःच्या बचतीतून, बँकेमार्फत, भारतातील संस्थेला पैसे दिले तर ते परकीय योगदान धरले जात नाही. पण आपल्यापैकी जे कॅनडा, अमेरिका, ब्रिटन करून इथे आले आणि आता त्या देशांचे नागरिक आहेत, त्यांच्याकडे ओसीआय कार्ड असले तरी त्यांची देणगी परकीय ठरते. ती घेणारी संस्था एफसीआरएखाली नोंदलेली हवी, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर अशी रक्कम संस्थेला दिल्लीतील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतील खात्यातच घ्यावी लागते. पोस्टरवर आहे ते एका खासगी व्यक्तीचे बचत खाते.

एवढे ऐकल्यावर काही जण म्हणतील, मग काही करायचेच नाही का? करायचे आहे. पण त्याआधी पोस्टरवरच्या आकड्याकडे बघू या, कारण माझ्या मते या सगळ्या आखणीची किल्ली तिथे आहे.

१६ कोटी हा आकडा आला कुठून? एसएमए हा एका जनुकातील दोषामुळे होणारा आजार. 'एसएमएन-१' हे जनुक नसेल किंवा बिघडलेले असेल तर स्नायूंना हुकूम देणाऱ्या मज्जारज्जूतील चेतापेशी मरत जातात. सर्वांत तीव्र प्रकारात बाळाला मान धरता येत नाही, गिळता येत नाही, पुढे श्वासही घेता येत नाही. उपचार न मिळालेली बहुतेक बाळे दोन वर्षांच्या आत जातात. २०१९ मध्ये अमेरिकेने एका जनुकोपचाराला मान्यता दिली. एका निरुपद्रवी विषाणूच्या कवचात चांगले जनुक भरून ते एकदाच शिरेतून द्यायचे. किंमत २१ लाख २५ हजार डॉलर. आपल्याकडचे १६ कोटी हे त्याचेच रूप. कंपनीने २०२० पासून वर्षाला १०० मात्रा लॉटरीने मोफत देण्याची योजनाही काढली. बाळांची लॉटरी! त्यावर तेव्हा जगभर टीका झाली आणि ती योग्यच होती.

पण दोन गोष्टी पोस्टर सांगत नाही. पहिली, मेलेल्या चेतापेशी या औषधाने परत येत नाहीत. उरलेल्या वाचवता येतात. म्हणून किंमत जितकी महत्त्वाची तितकीच वेळ महत्त्वाची. मोहीम सहा महिने चालली तर त्या सहा महिन्यांत गेलेले परत मिळत नाही. पिंपरी-चिंचवडमधील एका बाळाला २०२१ मध्ये लोकवर्गणीतून हे औषध मिळाले आणि दीड-दोन महिन्यांत ते बाळ गेले. 'एक इंजेक्शन आणि बाळ पूर्ण बरे' असे लिहिणे खोटे आहे, आणि ते खोटे नंतर आईवडिलांनाच सोसावे लागते.

दुसरी गोष्ट अशी की हे एकमेव औषध राहिलेले नाही. रिसडिप्लाम नावाचे दुसरे औषध आहे, तोंडाने रोज घ्यायचे. तेच शरीरातील 'एसएमएन-२' या राखीव जनुकाकडून जास्त काम करून घेते. अमेरिकेत त्याला २०२० मध्ये मान्यता मिळाली. भारतात मूळ कंपनीच्या एका बाटलीची छापील किंमत सुमारे सहा लाख रुपये होती. भारतीय कंपनी नॅटको हिने तेच औषध बनवायची तयारी केली, मूळ कंपनी न्यायालयात गेली, दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये आणि पुन्हा ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई द्यायला नकार दिला, सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप केला नाही. त्याच महिन्यात नॅटकोचे औषध बाजारात आले. एका बाटलीची किंमत १५,९०० रुपये.

आता फळ्यावर हिशेब मांडते. बाटलीत ६० मिलिग्रॅम औषध. दोन महिने ते दोन वर्षे वयाच्या बाळाला दर किलो वजनामागे रोज ०.२ मिलिग्रॅम. बाळ आठ किलोचे धरले तर रोज १.६ मिलिग्रॅम. म्हणजे एक बाटली ३७ दिवस. वर्षाला दहा बाटल्या. १ लाख ५९ हजार रुपये.

हा आकडा मी तीनदा तपासला, कारण माझाही विश्वास बसेना. एका बाजूला १६ कोटी, दुसऱ्या बाजूला वर्षाला दीड-पावणेदोन लाख. मूल वाढेल तशी मात्रा वाढते. वजन वीस किलो झाले की रोज ५ मिलिग्रॅम, बाटली बारा दिवस, वर्षाला तीस-एकतीस बाटल्या, म्हणजे पावणेपाच ते पाच लाख. आणि हे औषध थांबवता येत नाही, आयुष्यभराचे आहे. तेव्हा जनुकोपचार आणि हे औषध यांना एकाच तराजूत टाकून 'स्वस्त तेच चांगले' असे मी म्हणत नाही. पण आज ज्या बाळाला काहीच मिळत नाही, त्याचे औषध या महिन्यात सुरू होऊ शकते का, हा प्रश्न १६ कोटींचे पोस्टर विचारूच देत नाही. आकडा एवढा मोठा असतो की शंभर रुपये पाठवून आपण हात जोडतो आणि पुढच्या मेसेजकडे वळतो.

सरकारकडे पाहू. मार्च २०२१ मध्ये केंद्राचे दुर्मिळ आजार धोरण आले. २०२२ पासून त्यात ठरावीक केंद्रांमार्फत एका रुग्णासाठी ५० लाखांपर्यंत मदतीची तरतूद आहे. मुंबईचे केईएम रुग्णालय हे त्यांपैकी एक केंद्र. १६ कोटींपुढे ५० लाख म्हणजे समुद्रात चूळ, म्हणून या तरतुदीची टिंगल झाली. मीही त्या टिंगलीत सामील होते, कारण त्या वेळच्या किमतींना ती लागूच होती. नव्या किमतीने मात्र सगळे चित्र फिरले. ५० लाखांत वीस किलोच्या मुलाचे दहा वर्षांचे औषध येते, लहान बाळाचे त्याहून कितीतरी जास्त. पोस्टरवरील कुटुंबाने केईएममध्ये नोंदणी केली आहे का, हे मी त्या क्रमांकावर फोन करून विचारले. मुलीच्या मामांनी फोन घेतला. 'मॅडम, तिकडे काही मिळत नाही असं ऐकलंय,' असे ते म्हणाले. ऐकले आहे, गेलेले नाहीत. शेतीची कामे, मुंबईला जायचे तर राहायचे कुठे, नळी असलेले बाळ रेल्वेने कसे न्यायचे, आणि कोणत्या खिडकीवर काय सांगायचे. खरी अडचण या यादीत आहे, आणि त्यासाठी सोळा कोटी लागत नाहीत.

म्हणून माझा प्रस्ताव असा. मंचाने दोह्यात एक रियालही गोळा करू नये, पोस्टर पुढे पाठवू नये. ज्याला द्यायचे आहे त्याने, भारतीय पासपोर्ट असेल तर, स्वतःच्या खात्यातून, उपचार करणारे रुग्णालय किंवा नोंदणीकृत विश्वस्त संस्था सांगेल त्या खात्यात, रुग्णालयाचे पत्र पाहून परस्पर द्यावे. रियालला साधारण २४ रुपये धरले तर एक बाटली ६६० रियालची. शुक्रवारी दोन कुटुंबे मिळून हॉटेलात गेलो तर बिल याच्या जवळपास जाते. अवघड आहे ते सातत्य. मूल पाच वर्षांचे झाले, आपली इथली नोकरी संपली, आपण सिंगापूरला गेलो, तरी औषध लागणारच. मोहिमेचा उत्साह दिवाळीत असतो; फेब्रुवारीत बाटली संपते तेव्हा तो नसतो. म्हणूनच सरकारी तरतूद हा मुख्य आधार आणि आपण फक्त मधली फट बुजवणारे, अशी रचना हवी.

आणि समाजमाध्यमांचे काय? तिथे मोहीम जरूर करू, पण मागणी पैशाची नको. २०२१ च्या सुरुवातीला मुंबईतील एका बाळाच्या मोहिमेची आठवण असेल. लोकांनी १६ कोटी दिलेच, पण आरडाओरडा झाल्यामुळे केंद्राने त्या औषधावरील सुमारे ६ कोटींचे आयात शुल्क व कर माफ केले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जीएसटी परिषदेने असे औषध व्यक्तिगत वापरासाठी आणणाऱ्या सर्वांनाच करातून सूट दिली, आणि एप्रिल २०२३ पासून धोरणातील दुर्मिळ आजारांच्या औषधांवरचे सीमाशुल्कही गेले. एका बाळासाठी उठलेला आवाज पुढच्या अनेक बाळांच्या कामी आला. तसाच आवाज आता एका साध्या गोष्टीसाठी उठवता येईल: महाराष्ट्र शासनाने हे १५,९०० रुपयांचे औषध स्वतः घाऊक खरेदी करून जिल्हा रुग्णालयांतून द्यावे. केरळ सरकार मुलांना हे औषध मोफत देत आले आहे, तेही किंमत उतरण्याच्या आधीपासून. मग आपले राज्य का नाही? हा प्रश्न आमदारांना, आरोग्यमंत्र्यांना, मराठी वृत्तपत्रांना विचारायला कोणताही परवाना लागत नाही. त्यासाठी चेहरा नको, नळी नको. माझ्या फळ्यावरचा हिशेब पुरेल. त्याची मराठी आकृती करून द्यायला मी तयार आहे. आपल्यातील जे ग्राफिक्स जाणतात त्यांनी ती माझ्यापेक्षा बरी दिसेल असे करावे.

(भाषणानंतरच्या चर्चेत एका सभासदाने विचारले, 'तिच्या डॉक्टरांनीच जनुकोपचार हवा असे सांगितले तर? तेव्हाही आपण हात झटकणार?' त्याचे उत्तर पुढीलप्रमाणे.)

नाही. तेव्हा भारतात, भारतातील नोंदणीकृत संस्थेने, रुग्णालयाच्या नावाने मोहीम चालवावी आणि आपण प्रत्येकाने आपापल्या खात्यातून तिला द्यावे. इथल्या परवानाधारक संस्थेकडेही लेखी विचारणा करू. नकार आला तर तोही लेखी असेल. पण तोवर बाळ उपाशी ठेवायचे नाही. औषध सुरू करता येत असेल तर आधी तेच, आणि हेही डॉक्टरांना विचारूनच. मी मामांना केईएममध्ये बाळाचे कोणकोणते कागद न्यावे लागतील ते विचारून कळवते असे सांगितले आहे. मुंबईत ज्यांचे नातेवाईक परळ-दादरच्या बाजूला राहतात त्यांनी आज निघण्यापूर्वी मला भेटावे. तीन माणसांची आठवडाभराची राहण्याची सोय हवी आहे, तळमजल्यावर किंवा लिफ्ट असलेल्या इमारतीत.